ड्रिल मोडलं, बॅटरी उरली: खडकवासल्याच्या कणसाच्या गाडीवरचं एक प्रकरण

खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसं भाजणाऱ्या एका मामांच्या हातगाडीवर ड्रिलच्या १८ व्होल्टच्या जुन्या बॅटऱ्या कामाला लावल्या होत्या. त्यांच्यावर एलईडीची पट्टी आणि शेगडीला वारा देणारा १२ व्होल्टचा छोटा ब्लोअर चालायचा. पावसाळा निम्मा झाला नाही तोच तीनपैकी दोन बॅटऱ्या चार्जरने घ्यायचं बंद केलं. चार्जरवर ठेवलं की लाल दिवा भराभर लुकलुकायचा, बाकी काही नाही. ‘जुन्याच होत्या, बसल्या’ हे सगळ्यांचं मत. मामांच्या भाच्याचंही तेच मत होतं. तो इंटिरियरची फर्निचरची कामं करतो आणि बॅटऱ्या मुळात त्याच्या. ड्रिलचा गिअर मोडला, बॅटऱ्या आणि चार्जर उरले, ते त्याने मामांना दिले.

बॅटऱ्या जुन्या होत्या हे खरं. पण त्या वयाने गेल्या नव्हत्या, आणि गाडी चालू असतानाही गेल्या नव्हत्या. गाडी ताडपत्रीखाली उभी असताना, सोमवार ते शुक्रवार, त्या गेल्या. हे कसं कळलं आणि त्यावर काय केलं, ते सविस्तर लिहितो. अशा बॅटऱ्यांवर दिवे, राउटर, फवारणीचे पंप चालवणारे आता बरेच जण आहेत, आणि बहुतेकांच्या जोडणीत तीच खोट असते.

आधी पॅकच्या आत काय असतं ते पाहू. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियम-आयनचे पाच गट एकामागून एक जोडलेले असतात. प्रत्येक गटाचा सरासरी व्होल्टेज ३.६, म्हणून १८. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक गट ४.२ वर जातो, म्हणजे पॅक २१ व्होल्टवर. काही कंपन्या त्याच पॅकवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ छापतात. आतला माल तोच. मामांचे पॅक ४ ॲम्पियर-अवरचे होते, म्हणजे प्रत्येक गटात १८६५० मापाचे दोन सेल समांतर, एकूण दहा सेल.

आता हे पॅक रिकामे होताना थांबवायचं कोणी? अनेकांना वाटतं की ती सोय पॅकमध्येच असते. काही कंपन्यांच्या पॅकमध्ये ती असतेही. पण बऱ्याच पॅकमध्ये ती अवजारात, म्हणजे ड्रिलच्या ट्रिगरमागच्या सर्किटमध्ये असते. पॅकच्या तोंडाशी प्लस-मायनसशिवाय ज्या बारीक पट्ट्या दिसतात, त्यांतल्या एखादीवरून तापमान जातं आणि काहींवरून मधल्या गटांचे व्होल्टेज. ड्रिल ते वाचतं आणि एखादा गट खाली आला की स्वतःच बंद पडतं. मामांचा एक पॅक मी उघडून पाहिला. आत थर्मिस्टर (तापमान कळवणारा रेझिस्टर) होता आणि प्रत्येक गटापासून निघालेल्या पट्ट्या होत्या. प्रवाह तोडणारा एकही मॉस्फेट (विजेच्या इशाऱ्यावर उघडझाप होणारा स्विच) नव्हता. बाजारात मिळणारा प्लास्टिकचा ॲडॉप्टर फक्त प्लस आणि मायनस बाहेर काढतो. म्हणजे ड्रिल बाजूला झालं आणि त्याच्याबरोबर पॅकचा राखणदारही गेला. ॲडॉप्टरच्या पुढे व्होल्टेज उतरवून १२ व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर, एलएम२५९६ या चिपचा, आणि मामांना आकडा दिसावा म्हणून लाल अंकांचा छोटा व्होल्टमीटर. जोडणी एवढीच.

मोजमाप

तिन्ही पॅकच्या पट्ट्यांवर मल्टिमीटर लावून गटागटाने व्होल्टेज घेतले. चार्जर घेत नव्हता त्यांतला पहिला पॅक एकूण ९.४० व्होल्ट. गट असे: २.३१, २.२८, २.३५, ०.४१, २.०५. दुसरा पॅक १४.६० व्होल्ट, त्याचे पाचही गट २.९० ते २.९४ च्या आत. तिसरा धडधाकट, १९ च्या वर.

पहिल्या पॅकचा चौथा गट पाहिल्यावर त्या पॅकचा विषय तिथेच संपला. लिथियम-आयन सेल दोन व्होल्टच्या बराच खाली गेला आणि तसाच पडून राहिला, की ऋण बाजूला ज्या तांब्याच्या पत्र्यावर ग्राफाइटचा थर असतो, तो पत्रा द्रावणात विरघळायला लागतो. पुढे चार्ज करताना ते तांबं भलत्याच जागी जाऊन साठतं आणि आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. असा सेल चार्ज होतो, काही दिवस बरा चालतोही, आणि मग एखाद्या रात्री चार्जरवर तापतो. चार्जर लुकलुकून नकार देत होता तो याचसाठी.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगायला हवी. ‘बॅटरी उठवून देतो’ म्हणून बसलेला पॅक दुसऱ्या चांगल्या पॅकला वायरने जोडायचा, दोन-चार मिनिटांत व्होल्टेज वर आला की चार्जरला फसवायचं, हा प्रकार सर्रास चालतो. भाच्यालाही कोणीतरी तोच सल्ला दिला होता. ०.४१ व्होल्टचा गट असलेल्या पॅकवर हे करणं म्हणजे घरात आग आणून ठेवणं. मी ते करू दिलं नाही. पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात दिला. घंटागाडीत टाकू नये, कारण कचरा दाबणाऱ्या गाडीत सेल चेपला की पेट घेतो.

दुसरा पॅक मात्र वाचण्यासारखा होता. पाचही गट सारखे, तळाशी पण धोक्याच्या रेषेच्या वर. चार्जरने तो पहिल्यांदा नाकारला होता. पट्ट्यांवरचा हिरवट थर स्पिरिटने पुसल्यावर घेतला. हा थर मिठाने धरलेल्या गंजाचा. मामांचे हात दिवसभर लिंबू-मीठ-तिखटात, आणि त्याच हातांनी पॅक बदलायचे. तापमानाच्या पट्टीवर तो थर बसला की चार्जरला पॅकचं तापमान कळत नाही आणि तो चार्जिंग सुरूच करत नाही. असं कारण टेबलावर बसून कधी सुचलं नसतं.

पॅक रिकामा कसा झाला

“लाईट तर शेवटपर्यंत झक्क असायची. बंद करून गेलो, पुढच्या शनिवारी येऊन बघतो तर मेलेली,” असं मामा म्हणाले. या दोन वाक्यांत सगळं प्रकरण आहे.

पहिलं वाक्य घेऊ. जुन्या पद्धतीत दिवा थेट बॅटरीवर असला की बॅटरी उतरताना दिवा मंद व्हायचा आणि माणूस समजायचा. बक कन्व्हर्टर आत आला की ही खूण जाते. पॅक २० व्होल्टवर असो की १४ वर, पुढे १२ च जातात आणि पट्टी तेवढीच उजळ राहते. उलट, पुढे लागणारी शक्ती तेवढीच असल्यामुळे व्होल्टेज कमी झाला की कन्व्हर्टर पॅकमधून जास्त प्रवाह ओढतो. मामांचा भार साधारण २० वॅटचा. कन्व्हर्टरमधलं नुकसान धरून २० व्होल्टला तो सव्वा ॲम्पियरच्या आत ओढायचा आणि १४ व्होल्टला दीडच्या वर. दमलेल्या पॅकवर ओझं वाढतच जातं. एलएम२५९६ ला १२ व्होल्ट बाहेर देण्यासाठी आत साडेतेराच्या आसपास लागतात. म्हणजे दिवा पहिल्यांदा मंद दिसेपर्यंत पॅकचा सरासरी गट २.७ व्होल्टवर आलेला असतो. खूण मिळते, पण फार उशिरा.

तरीही मामा बहुतेक वेळा त्याच्या आधीच गाडी आवरायचे. खरा घात दुसऱ्या वाक्यात आहे. ‘बंद करून गेलो’ म्हणजे काय बंद केलं? पट्टीचं बटण आणि ब्लोअरचं बटण. दोन्ही कन्व्हर्टरच्या पुढच्या बाजूला. पॅक ॲडॉप्टरमध्ये तसाच, कन्व्हर्टर जागा, व्होल्टमीटरचे लाल आकडे ताडपत्रीखाली रात्रंदिवस चालू. पॅकच्या वायरीत मीटर घालून सगळी बटणं बंद असतानाचा प्रवाह घेतला: २८ मिलिॲम्पियर. आठेक कन्व्हर्टरचे, बाकी व्होल्टमीटरचे.

आकडा क्षुल्लक वाटतो. पण रविवारी रात्री दहा ते शनिवारी दुपारी दोन म्हणजे १३६ तास, आणि १३६ तास गुणिले २८ मिलिॲम्पियर म्हणजे ३.८ ॲम्पियर-अवर. पॅकवर छापलेली क्षमताच ४ ची, आणि जुना असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. पूर्ण भरलेला पॅकही आठवड्यात रिता झाला असता. रविवारच्या गर्दीनंतर जेमतेम पाव उरलेला पॅक मंगळवारपर्यंतच तळाला जाणार आणि मग शनिवारपर्यंत खालीखाली खेचला जाणार. व्होल्टमीटर जो जिवाच्या आकांताने आकडा दाखवत होता, तो पाहायला तिथे कोणी नव्हतं.

त्यामुळे उपायाच्या अटी ठरल्या. व्होल्टेज खाली आला की तोडायचं, हे तर झालंच. पण तोडल्यावर स्वतः काही खायचं नाही, आणि तोडलेलं परत आपोआप जोडायचं नाही. ही शेवटची अट लोक विसरतात. भार सुटला की लिथियमचा पॅक स्वतःहून थोडा वर येतो. १६ ला तोडलं तर मिनिटभरात साडेसोळा दाखवेल. मग सर्किट पुन्हा जोडेल, भाराने पुन्हा १६, पुन्हा तोडेल. दिवा लुकलुकत पॅक हप्त्याहप्त्याने संपतो.

काय घेतलं नाही

बाजारात आकडे दाखवणारं तयार रिले मॉड्यूल (विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच) मिळतं. तोडण्याचा आणि परत जोडण्याचा व्होल्टेज बटणांनी ठरवता येतो. मोठ्या लेड-ॲसिड बॅटरीवर ते ठीक आहे. पण रिले ओढून धरायला काही दहा मिलिॲम्पियर सतत जातात, आणि तोडल्यावरही त्याचे आकडे आणि कंट्रोलर पॅकवरच चालू राहतात. आपला आजार तोच होता.

पाच गटांचं बीएमएस, म्हणजे सेलची राखण करणारा तयार बोर्ड, पॅकच्या आत बसवणं तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात चांगलं, हे मान्य. ते प्रत्येक गट वेगळा पाहतं आणि स्वतः मायक्रोॲम्पियरमध्ये भागवतं. पण पॅक फोडून सोल्डरचे डाग द्यावे लागतात, आणि भाच्याचा इम्पॅक्ट ड्रायव्हर याच पॅकवर चालतो, चार्जरही हाच. स्क्रू आवळताना होणारा ३०-४० ॲम्पियरचा झटका स्वस्त बीएमएस सोसत नाही. शिवाय तयार बोर्ड बहुधा २.५ ते २.८ व्होल्टला तोडतात. जुन्या सेलसाठी मला ते फार खाली वाटतं. नवा पॅक बांधत असतो तर मात्र बीएमएसशिवाय बांधला नसता.

म्हणून पॅकला हात न लावता राखण ॲडॉप्टरच्या डब्यात, सगळ्याच्या आधी बसवायची ठरली: एक टीएल४३१ (ठरावीक व्होल्टेज ओळखणारी तीन पायांची चिप) आणि एक पी-चॅनल मॉस्फेट (प्लसच्या वायरीत बसणारा स्विच).

१६ व्होल्टच का

एलएम२५९६ साडेतेरापर्यंत चालतो आणि सेलच्या डेटाशीटमध्ये २.५ व्होल्टपर्यंत परवानगी असते. मग पाच गटांचे १२.५ का नको, असं भाच्याने विचारलं. प्रश्न रास्त होता.

आपलं सर्किट फक्त एकूण बेरीज पाहतं. गट सारखे असतील तर बेरीज पुरते. जुन्या पॅकमध्ये एक गट हटकून मागे असतो. समजा चार गट ३.० वर आहेत आणि बेरीज १२.५. मग पाचवा ०.५ वर आहे, आणि सर्किट अजून समाधानी आहे. १५ ला तोडलं आणि चार गट ३.२ वर असले, तर पाचवा २.२. १६ ला तोडलं आणि चार गट ३.३ वर असले, तर पाचवा २.८. इथे जीव वाचतो. किंमत किती मोजावी लागते? फार नाही. हलक्या भारावर लिथियमचा आलेख ३.२ च्या खाली कड्यासारखा पडतो, तिथे उरलेला माल साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर. मामांचा एक पॅक साधारण तीन तास चालतो, त्यांतली पंधरा-वीस मिनिटं.

सर्किट

पॅकच्या प्लसला पहिल्यांदा गाड्यांत वापरतात तो साडेसात ॲम्पियरचा ब्लेड फ्यूज. त्यापुढे आयआरएफ४९०५ या मॉस्फेटचा सोर्स, म्हणजे वीज आत येण्याचा पाय. ड्रेनपासून, म्हणजे बाहेर जाण्याच्या पायापासून, पुढे कन्व्हर्टर, व्होल्टमीटर, सगळं. गेट (उघडझाप ठरवणारा पाय) आणि सोर्समध्ये ३.३ किलो-ओहमचा रेझिस्टर. गेटपासून १.५ किलो-ओहममधून टीएल४३१ चा कॅथोड, ॲनोड ग्राउंडला, म्हणजे पॅकच्या मायनसला. रेफरन्सच्या पायाला व्होल्टेज डिव्हायडरचा (व्होल्टेजचा ठरावीक हिस्सा काढणाऱ्या रेझिस्टरांच्या जोडीचा) मध्य: वर ४७ किलो-ओहम आणि १० किलो-ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रूने बदलता येणारा रेझिस्टर) सिरीजमध्ये, खाली १० किलो-ओहम.

कळीचा मुद्दा हा की डिव्हायडरचं वरचं टोक पॅकला जोडायचं नाही. ते मॉस्फेटच्या पुढच्या बाजूला, ड्रेनला जोडायचं. टीएल४३१ चा रेफरन्स साधारण २.५ व्होल्ट. त्यावर असेल तोवर तो कॅथोड दोनेक व्होल्टपर्यंत खाली ओढतो, गेट खाली राहतं, मॉस्फेट चालू. रेफरन्स २.५ च्या खाली गेला की गेट सुटतं, मॉस्फेट मिटायला लागतो, त्यामुळे पुढचा व्होल्टेज आणखी पडतो, रेफरन्स आणखी खाली जातो, आणि क्षणात सगळं बंद. आता डिव्हायडरलाच वीज नाही. पॅक कितीही वर आला तरी सर्किटला ते कळत नाही, आणि म्हणून ते परत जोडत नाही. तोडल्यानंतरच्या दोन्ही अटी एका वायरीची जागा बदलून पूर्ण होतात. बंद अवस्थेत मोजलं तेव्हा मीटरने एक-दोन मायक्रोॲम्पियर दाखवले. सेलचं स्वतःचं उतरणंही त्याहून जास्त असतं.

चालू करायला एक बटण, टीएल४३१ च्या कॅथोड आणि ग्राउंडमध्ये. ते दाबलं की मॉस्फेट उघडतो, पुढे वीज जाते, डिव्हायडर जागा होतो आणि टीएल४३१ धुरा हाती घेतो. बटणातून जेमतेम चार मिलिॲम्पियर जातात, त्यामुळे साधं छोटं बटण पुरतं. काही जण हे बटण मॉस्फेटच्या सोर्स-ड्रेनवर आडवं लावतात. मग कन्व्हर्टरच्या कपॅसिटरचा सगळा झटका बटणाच्या संपर्कांवर येतो आणि ते चिकटतात. बंद करायला दुसरं बटण, रेफरन्सपासून १०० ओहममधून ग्राउंडला. मामांना हिरवं आणि लाल बटण एवढंच माहीत. लाल दाबलं की व्होल्टमीटरसकट सगळं मेलं पाहिजे, हे मी त्यांना करून दाखवलं, त्यांच्याकडूनही करून घेतलं.

३.३ किलो-ओहमबद्दल थोडं. या जागी १० किलो-ओहम किंवा त्याहून मोठा रेझिस्टर घालायचा मोह होतो, कारण चालू असताना तेवढा प्रवाह वाचतो. पण टीएल४३१ ‘बंद’ झाला तरी रेफरन्स २.५ च्या जवळपास असताना त्यातून काही शे मायक्रोॲम्पियर गळतात. १० किलो-ओहमवर त्याचे दोन-तीन व्होल्ट होतात आणि मॉस्फेट धड मिटत नाही. अर्धवट उघडा मॉस्फेट म्हणजे हीटर. ३.३ वर तीच गळती एक व्होल्टच्या आसपास राहते. १.५ चा रेझिस्टरही उगाच नाही. आयआरएफ४९०५ च्या गेटला सोर्सच्या तुलनेत २० व्होल्टची मर्यादा आहे आणि पूर्ण भरलेला पॅक २१ चा. दोघांच्या विभागणीने गेटवर तेरा-चौदाच्या वर जात नाहीत.

सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतं. सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आत. मॉस्फेट तेवढा पारखून घ्यावा. आयआरएफ४९०५ चा रोध ०.०२ ओहम, म्हणजे दोन ॲम्पियरला सोर्स-ड्रेनमध्ये चाळीस मिलिव्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. दीड-दोनशे दिसले तर छाप एकाची आणि आतला माल दुसऱ्याचा. आयआरएफ९५४०एन चालतो, पण त्याचा रोध ०.११७ आहे, तीन ॲम्पियरला एक वॅट उष्णता. शेगडीशेजारच्या बंद डब्यात मला ती नको होती.

प्रीसेट बेंच सप्लायवर (हवा तो व्होल्टेज देणाऱ्या टेबलावरच्या पुरवठ्यावर) लावला. सप्लाय १६.० वर ठेवून प्रीसेट हळूहळू फिरवायचा, सर्किट तुटलं की थांबायचं. हिशोबाने वरचा एकूण रेझिस्टर ५४ किलो-ओहमच्या थोडा वर येतो. प्रत्यक्षात जरा कमी लागतो, कारण रेफरन्सचा पाय स्वतः दोनेक मायक्रोॲम्पियर घेतो आणि तेवढ्याने कटऑफ ०.१ व्होल्ट वर सरकतो. त्यात टीएल४३१ च्या साध्या प्रतीत दोन टक्क्यांचा फरक धरावा लागतो, १६ वर तो ०.३ व्होल्ट होतो. म्हणून ठरावीक रेझिस्टरवर विसंबू नये. प्रीसेटच्या स्क्रूवर शेवटी नेलपॉलिशचा थेंब.

गाडीवर

चौपाटीवर पहिली तक्रार आली ती ब्लोअरची. पॅक साडेसोळाच्या आसपास असताना ब्लोअर सुरू केला की सगळंच बंद. मोटर उठताना क्षणभर जास्त प्रवाह ओढते, पॅक आणि ॲडॉप्टरच्या पट्ट्यांवर अर्धा व्होल्ट पडतो आणि सर्किट इमानदारीने तोडतं. खालच्या १० किलो-ओहमवर ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. आता व्होल्टेज अर्धा सेकंदभर खाली राहिला तरच तुटतं, मोटरच्या धक्क्याला नाही. बदल्यात हिरवं बटण सेकंदभर दाबून धरावं लागतं, पॅक उतरलेला असेल तर थोडं जास्तच.

दुसरा मुद्दा मामांनी काढला आणि तो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा होता. “गिऱ्हाईक समोर, शेगडी पेटलेली आणि एकदम अंधार? पोरंबाळं असतात ओ पुढ्यात.” बॅटरी वाचवण्याच्या नादात निखाऱ्यांपुढे उभ्या असलेल्या माणसाला अंधारात ढकलायचं नाही. म्हणून दुसरा टीएल४३१, १७ व्होल्टवर लावलेला, फक्त इशाऱ्याचा लाल एलईडी पेटवायला. एलईडी टीएल४३१ च्या आडवा लावतात: तो चालू असेल तोवर एलईडीचा घास पळवतो, सुटला की एलईडी पेटतो. पण टीएल४३१ दोन व्होल्टच्या खाली जात नाही आणि लाल एलईडीला १.८ पुरतात, म्हणून नुसता एलईडी कायम मिणमिणत राहतो. त्याच्या सिरीजमध्ये १एन४१४८ चे दोन डायोड घातले की नीट विझतो. लाल दिवा पेटला की मामांकडे पॅक बदलायला दहा-पंधरा मिनिटं असतात. शिवाय एक वेगळी छोटी विजेरी गाडीच्या दांड्याला बांधून ठेवली.

सर्किट वायरिंगच्या जंक्शन बॉक्समध्ये बसवलं, वायरी खालून आत घेतल्या म्हणजे पावसाचं पाणी ओघळून आत येत नाही. डबा शेगडीच्या विरुद्ध टोकाला. ६० अंशांच्या वर हे सेल वापरू नयेत, आणि कोळशाच्या बाजूला पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. पॅक हाताळण्याआधी हात पुसायचे, आणि पॅक घरी न्यायचा, हे मामांनी स्वतःच ठरवलं.

बेरीज पाहणारं सर्किट एकट्या गटाची मागे पडण्याची खोड पकडू शकत नाही, हे वर आलंच. त्यावर उपाय म्हणून महिन्यातून एकदा, पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवल्यानंतर, भाचा पट्ट्यांवर मीटर लावतो आणि पाच आकडे पॅकवर चिकटवलेल्या कागदावर लिहितो. गटांत ०.१ व्होल्टच्या वर अंतर पडलं की तो पॅक गाडीवर जाणार नाही, असं ठरलं आहे.

वाचवलेला दुसरा पॅक आधी दोन आठवडे नुसता ठेवून पाहिला. चार गट जागच्या जागी राहिले, पाचवा ०.०३ व्होल्टने उतरला. तेवढ्यावरून त्याला बाद करायला माझा हात धजावला नाही, पण ब्लोअरच्या भारापासून तो लांब ठेवला आहे. त्यावर फक्त पट्टी चालते, आणि चार्जिंग दिवसा, कोणी समोर असतानाच. धडधाकट तिसरा पॅक ब्लोअरसकट सगळा भार घेतो. हंगाम संपला की दोन्ही निम्म्या चार्जवर, ॲडॉप्टरपासून काढून ठेवायचे आहेत. भाचा आता त्याच्या साइटवरच्या दिव्यासाठी असाच दुसरा डबा मागतो आहे. तिथे मोटर नाही, त्यामुळे तो कपॅसिटर लहान चालेल. मात्र तिथला दिवा ५० वॅटचा असल्यामुळे कन्व्हर्टर एलएम२५९६ चा पुरणार नाही आणि वायरी जाड घ्याव्या लागतील.